अदलाबदलीची सुपारी

सकाळपासून सुभद्राबाईंनी कटाची आमटी दोनदा चाखली आणि दोन्ही वेळा मीठ आहे की नाही ते त्यांना कळलं नाही. शेवटी त्यांनी पळी कुसुमताईंच्या हातात दिली.

"वैनी, तुमीच बगा. माझी जीभ आज जाग्यावर न्हाई."

कुसुमताईंनी थेंबभर आमटी तळहातावर घेऊन चाटली. "मीठ हाय. तुमी जरा बसा बगू, वन्सं. पाव्हना काय आमटीवर खूश हून पोरगं परत देनार हाय व्हय?"

बोलणं थट्टेचं होतं, पण सुभद्राबाईंना हसू आलं नाही. नणंद-भावजयीत वैर नव्हतं, तसं गूळपीठही नव्हतं. कुसुमताई ही हिंदुरावांची दुसरी बायको. पहिली ज्या भांडणात घर सोडून गेली, त्याच भांडणापायी सुभद्राबाई कायमच्या माहेरी आल्या. एका चुलीपाशी इतकी वर्षं बसूनही दोघी त्याबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. पुरण किती शिजलं आणि सरपण किती उरलं, एवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं.

मुंबईचा पाहुणा येणार होता तो फुटबॉलपायी. चिंचवडच्या एका शेतकऱ्याच्या घरी फुटबॉलसाठी पुरण शिजावं, हे नवलच. पण हिंदुरावांना हा नाद खडकीच्या छावणीनं लावला होता. गोरे सोल्जर निघून गेले आणि चेंडू मागं राहिला. पुढं पवनेच्या काठी पवना पंप कंपनी उभी राहिली, तेव्हा हिंदुराव तिथं फोरमन झाले आणि कंपनीच्या टीमचे मॅनेजरही झाले. यातलं दुसरं काम ते जास्त मन लावून करत, असं धाकटा भाऊ दत्तोबा चारचौघांत सांगे.

यंदा नवीनच टूम निघाली होती. मुंबई-पुण्याकडच्या सहा कंपन्यांनी मिळून मोठे सामने भरवायचं ठरवलं. गावोगावची पोरं मैदानावर आणून पळवली, खेळवली, त्यातली चांगली निवडली आणि त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका तांब्यात टाकल्या. प्रत्येक मॅनेजरनं तांब्यात हात घालायचा आणि आपल्या वाट्याची पोरं उचलायची. ज्या कंपनीच्या हाती चिठ्ठी लागेल, त्या कंपनीत पोराला नोकरी आणि त्याच टीमकडून खेळणं. मात्र चिठ्ठ्या निघाल्यावर येत्या रविवारच्या, म्हणजे आजच्या, संध्याकाळपर्यंत दोन मॅनेजरांना आपसात पोरांची अदलाबदल करायची मोकळीक होती. दोघांनी हो म्हटलं की काम झालं. पोरांना विचारायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं.

सुभद्राबाईंचा एकुलता सयाजी निघाला मुंबईच्या लक्ष्मीकांत मिलच्या वाट्याला.

मुंबईचं नाव या घरात मोठ्यानं घेतलं जात नसे, कारण सयाजीचा बाप मुंबईत होता.

ती गोष्ट साट्याची. हिंदुरावांसाठी मुलगी बघायची होती आणि सुभद्राबाईंसाठी स्थळ. चिखलीच्या एका घरात दोन्ही गोष्टी एकदम मिळाल्या. तुमची लेक आमच्याकडं, आमची तुमच्याकडं. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली आणि सगळ्यांना फार सोय झाल्यासारखं वाटलं. पुढं हिंदुरावांचं आणि त्यांच्या बायकोचं बिनसलं, ती तणतणत माहेरी गेली ती परत आलीच नाही. मग चिखलीहून निरोप आला, आमची आमच्याकडं आली, आता तुमची घेऊन जा. सुभद्राबाईंचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, उद्धवरावांचं, काडीचंही वाकडं नव्हतं. पण साटं मोडलं की दोन्हीकडून मोडतं. तान्ह्या सयाजीला घेऊन त्या दत्तोबाच्या गाडीत बसल्या तेव्हा उद्धवराव दारात उभे होते. त्यांचे ओठ हलले, शब्द काही बाहेर आला नाही. सासू तेवढी म्हणाली, "अंगावर पितंय तवर ऱ्हाऊ द्या. मोठं झालं की ईल आपल्या बापाकडं."

ते एक वाक्य सुभद्राबाईंनी इतकी वर्षं उराशी धरलं होतं. सयाजीला मिसरूड फुटली तेव्हा सगळ्या घरानं त्याची चेष्टा केली आणि त्या मात्र गोठ्यात जाऊन रडल्या. उद्धवराव मुंबईला गेले, कुठल्याशा गिरणीत लागले, एवढं कानावर आलं होतं. कोणती गिरणी हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. आता मात्र त्यांची खात्री झाली होती की ती हीच असणार.

चिठ्ठी निघाली त्या दिवशी त्यांनी भावाचे पाय धरले होते. "दादा, काय बी कर, पन माझं पोरगं मुंबईला जाऊ देऊ नगंस."

हिंदुरावांनी बहिणीला उठवलं. "रडू नगंस. बगतो मी," म्हणाले, आणि दोन दिवसांत त्यांनी तोड काढलीसुद्धा. शेजारच्या रहिमान मिस्त्रींचा युनूस पवना पंपच्या वाट्याला आला होता. युनूस गोलकीपर. त्याच्या लांबलचक हातांतून चेंडू सुटायचा म्हणजे चेंडूचीच कमाल म्हणायची. मुंबईच्या मिलला गोलकीपर हवाच होता. युनूसनं तिकडं जावं आणि सयाजीनं इकडं यावं, की मिटलं.

मिटलं, असं सुभद्राबाईही स्वतःला सांगत होत्या. पण गेले दोन दिवस सकाळी त्या अंगणात सडा टाकताना पलीकडच्या ओट्याकडं बघायचं टाळत होत्या. त्या ओट्यावर रोज सकाळी एक गोष्ट व्हायची. रहिमान मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करता करता आत पडले आणि त्यांच्या कंबरेखालचं अंग गेलं. युनूस बापाला दोन्ही हातांवर उचलून उन्हात आणून बसवायचा, तोंड धुवायला पाणी द्यायचा आणि संध्याकाळी परत आत न्यायचा. हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. सुभद्राबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी ते मनातून बाजूला सारलं होतं, एवढंच.

"आलं, आलं! पाव्हनं आलं!" दत्तोबानं ओसरीवरून हाक दिली.

लक्ष्मीकांत मिलच्या टीमचे मॅनेजर यशवंतराव टांग्यातून उतरले. गोरेपान, गोल टोपीतले, मूळचे कोकणातले. दारातच म्हणाले, "हिंदुराव, पुरणाचा वास वेशीपर्यंत आलाय. आता तुम्ही म्हणाल ते कबूल!"

हिंदुराव मोठ्यानं हसले. सुभद्राबाईंनी आतून ते हसणं ऐकलं आणि त्यांना आपल्या साट्याच्या दिवसाची आठवण झाली. त्या दिवशीही पुरुष असेच मोठ्यानं हसत होते.

पंगत बसली. हिंदुराव, यशवंतराव, दत्तोबा आणि टोकाला सयाजी. सुभद्राबाई तुपाची वाटी घेऊन वाढायला आल्या, तर सयाजीच्या ताटातली पोळी तशीच होती. त्याला अदलाबदलीचं आज सकाळीच कळलं होतं, तेही दत्तोबाकडून. तेव्हापासून तो आईशी एक शब्द बोलला नव्हता.

"एक सांगतो, हिंदुराव," यशवंतराव पोळी मोडत म्हणाले, "तुमच्या भाच्याचा डावा पाय म्हणजे देणगी आहे देणगी. सोडताना मला वाईट वाटतंय. पण करू काय? माझ्या गोलात उभं राहायला माणूस नाही."

"आन् आमच्या गोलात कोन हुबं ऱ्हानार?" दत्तोबा उसळला. टीमचा गोलकीपर गेली कित्येक वर्षं तोच होता. "गेल्या साली गोल खाऊन खाऊन माझं पोट फुटायची येळ आली. युनूस आला म्हनून मी सुटलो म्हनत व्हतो. दादा, आपल्या टीमचा मॅनेजर हायेस का पाव्हन्यांच्या?"

"दत्तू, गप जेव."

"जेवतो की. पुरनपोळी गोड हाय, सौदा कडू हाय, येवढंच म्हनतो."

"घरचा प्रश्न हाय ह्यो," हिंदुराव दबक्या आवाजात म्हणाले आणि त्यांची नजर क्षणभर बहिणीकडं गेली. दत्तोबानंही बहिणीकडं बघितलं आणि मान खाली घातली. तो गप्प बसला खरा, पण त्याला पटलं नव्हतं. भावाच्या बाजूला आजवर कायम उभा राहणारा दत्तोबा आज सरकला होता, आणि तो आपल्यामुळं सरकला या विचारानं सुभद्राबाईंनी त्याच्या पोळीवर तुपाची जादा धार सोडली.

इतक्यात मागच्या दारी हाक आली.

"सुभद्राअक्का, हाय का घरात?"

आवाज ओळखीचा होता. परसदारी रहिमान मिस्त्रींची बायको नजमुन्निसा उभी होती, डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट.

"मलिदा आणलाय, अक्का. पीरसाहेबाला बोलले व्हते. माझ्या युनूसला जवळच कुटं तरी नोकरी लागू दे, मलिदा वाहीन म्हनून. तर बगा, आल्लानं हाकंच्या अंतरावरची कंपनी दिली! तुमच्या दादांची तर टीम." तिचा चेहरा फुलला होता. "आता सकाळी त्याच्या अब्बाला उनात बसवंल आन् ड्युटीवर जाईल. मला झोप नव्हती यायची बगा, पोरगं लांब गेलं तर ह्येंला उचलनार कोन म्हनून. मला तर हालत न्हाईत."

सुभद्राबाईंनी हात पुढं केले, कारण पुढं आलेल्या प्रसादापासून हात मागं घेता येत नाहीत. ताट हातात आलं. मलिदा अजून कोमट होता.

"पहिला तुमच्या घरी आणला," नजमुन्निसा म्हणाली. "तुमचा सयाजी बी निवडलाय न्हवं? मुंबईला जातोय म्हनत्यात. काळजी करू नगा अक्का, मी त्याच्यासाठी बी दुवा मागितलीया."

सुभद्राबाईंनी ताटावरचं झाकण नीट केलं. कशाबशा म्हणाल्या, "बसा भाभी. पाव्हनं जेवत्यात. आलेच मी."

त्या आत वळल्या तर दाराआड कुसुमताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोघींची नजरानजर झाली. कुसुमताईंनी मलिद्याचं ताट आपल्या हातात घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "वन्सं, त्या बिचारीला ठावंच न्हाई की वो."

"न्हाई."

"कुनीतरी सांगाया पायजे."

"कुनी सांगायचं?" सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांना आपल्याच आवाजाची लाज वाटली.

बाहेर हात धुवून झाले होते. हिंदुरावांची हाक आली, "सुभे, तबक आन पानाचं!"

सुभद्राबाईंनी तबक उचललं. पान, चुना, कात, सुपारी, अडकित्ता. हिंदुराव भिंतीला टेकून ऐसपैस बसले होते आणि पाहुण्यांना समजावून सांगत होते, "तुमच्या हापिसात काय बी आसंल यशवंतराव, आमच्यात मात्र दिल्या-घेतल्याची सुपारी फुटल्याबिगर गोष्ट पक्की हुईत न्हाई. पोरगं देतो, पोरगं घेतो. येका परीनं सोयरीकच झाली ही."

"मग फोडा की," यशवंतराव हसत म्हणाले. "आमच्या मिलच्या साहेबांना सांगतो, गोलकीपर सुपारी फोडून आणलाय म्हणून."

हिंदुरावांनी तबकातली एक मोठी सुपारी निवडली, बोटांत फिरवून बघितली. "अडकित्ता दे, सुभे."

अडकित्ता सुभद्राबाईंच्या हातात होता. त्या द्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. दादानं असाच हात पुढं केला होता, साटं ठरलं त्या दिवशी वडिलांपुढं. तेव्हाही अडकित्ता सुभद्राबाईंनीच आणून दिला होता. आपल्याच साट्याच्या सुपारीला! काय चाललंय हे तेव्हा त्यांना नीट कळलंही नव्हतं.

"अगं दे की."

"दुसरं घर कुटाय, दादा?"

"कंचं दुसरं घर?"

"सुपारी फुटती ती दोन घरांम्होरं फुटती. आमच्या साट्याला बी चिखलीची मान्सं या बाजूला आन् आपली त्या बाजूला बसली व्हती. आज या बाजूला आपन. त्या बाजूला कोन हाय?"

"पाव्हनं न्हाईत का बसलेलं?"

"पाव्हनं न्हेनारं हायेत. देनारं कुटायत? पोरगं रहिमानभाईंचं हाय."

यशवंतराव अजून हसतच होते. "अहो बाई, हे काही लग्न नाही. फुटबॉल आहे."

"मग सुपारी कशापायी काढलीत?" सुभद्राबाई म्हणाल्या.

यशवंतरावांचं हसू मावळलं. दत्तोबानं पाय पोटाशी घेतले. सयाजीनं पहिल्यांदाच मान वर करून आईकडं बघितलं.

हिंदुरावांचा चेहरा लाल झाला होता. पाहुण्यांसमोर आवाज चढवता येत नव्हता म्हणून ते दातांतल्या दातांत बोलले. "सुभे, डोकं फिरलंय का तुजं? समदं तुज्यासाठी चाललंय. माझं पाय कुनी धरलं?"

"मी धरलं. माझं पोरगं वाचवाया धरलं. त्या मान्साला रोज सकाळी कोन उचलतंय ह्ये मला दिसत व्हतं, तरी बी धरलं." त्या थांबल्या नाहीत. "माझ्या टायमाला बी आसंच समद्यांचं भलं चाललं व्हतं, दादा. तुला बायकू पायजे व्हती. त्येंला सून पायजे व्हती. समद्यांचं भलं झालं. मग तुज्या घरात भांडन झालं आन् माझा संसार गेला. कुनी इचारलं व्हतं मला?"

हे घरात आजवर कुणी कधी बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर सुभद्राबाईंनाच भीती वाटली. भावाच्या घरात राहून, भावाचं अन्न खाऊन, पाहुण्यांसमोर हे काय बोलून बसलो आपण! आता कुसुमवैनीही ऐकून घेणार नाहीत, नवऱ्याचा अपमान कोण ऐकून घेईल? त्यांनी दाराकडं बघितलं. कुसुमताई तिथं नव्हत्या.

त्या परसदाराकडून येत होत्या. नजमुन्निसेचा हात धरून त्यांनी तिला थेट ओसरीवर आणलं, घोंगडी अंथरली, आणि ज्या बाजूला कुणी बसलं नव्हतं त्या बाजूला तिला बसवलं. पुरुषमाणसांसमोर बसायचं म्हणून नजमुन्निसा पदर ओढत अंग चोरून बसली. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं.

"त्या बाजूला मानूस नव्हतं म्हनून आनलं," कुसुमताई नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या. "वन्सं म्हनत्यात ते खरं हाय. मी या घरात आले ती दुसऱ्याच्या मोडल्या जागंवर आले. मला बी कुनी इचारलं नव्हतं."

हिंदुराव बायकोकडं बघतच राहिले. हातातली सुपारी त्यांनी कधी खाली ठेवली ते त्यांनाही कळलं नसावं.

"काय झालं, अक्का?" नजमुन्निसा घाबरून म्हणाली. "युनूसचं काय चुकलं का?"

सुभद्राबाई तिच्यासमोर बसल्या. हे दुसऱ्या कुणी सांगायचं नव्हतं. "भाभी, युनूसला मुंबईला पाठवायचं ठरत व्हतं. माझा सयाजी हितं ऱ्हानार आन् त्येच्या जागी तुमचा युनूस जानार. ह्ये पाव्हनं त्येच्यासाठीच आल्यात."

नजमुन्निसेनं आधी पाहुण्यांकडं, मग हिंदुरावांकडं बघितलं. मग तिनं हळूच विचारलं, "कुनी ठरवलं?"

"मी मागितलं."

"तुमी?" ती सुभद्राबाईंच्या हातांकडं बघत राहिली. "अक्का, मलिदा तर तुमीच घेतला न्हवं आत्ता?"

सुभद्राबाईंनी हात पदराखाली घेतले.

"का मागितलं?"

"माझं पोरगं जाऊ नये म्हनून."

नजमुन्निसा रडली नाही, भांडलीही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ते मला बी कळतंय, अक्का. आईला न्हाई कळनार तर कुनाला?" नुसती भांडली असती तर बरं झालं असतं, असं सुभद्राबाईंना वाटलं.

यशवंतराव खाकरले. माणूस वाईट नव्हता. "हिंदुराव, मला या घरचं काही ठाऊक नव्हतं, त्या घरचंही नव्हतं. मला गोलकीपर हवा आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण युनूसचे मॅनेजर तुम्ही आहात. संध्याकाळच्या आत काय ते सांगा, माझी काही जबरदस्ती नाही."

सगळे हिंदुरावांकडं बघू लागले. हिंदुराव बघत होते बहिणीकडं, आणि त्यांच्या नजरेत राग होता की आणखी काही, हे कळत नव्हतं. "सुभे, आत्ता बोल," ते म्हणाले. "मोडू म्हनतीस? मोडलं तर सयाजी जातोय. मग पुन्ना माझं पाय धरू नगंस."

हो म्हणायचं होतं. पण मन मागं ओढत होतं. नजमुन्निसेपाशी उन्हात बसवायचा का होईना, नवरा होता, मुलगा जवळ राहणार होता. आपल्याला कोण? सयाजी गेला की या घरात आपण नुसत्या आमटीला मीठ आहे का एवढंच विचारत राहणार. इतकं सगळं बोलून झाल्यावरही त्यांच्या मनात कुठं तरी एक चिकट आशा बसली होती, की सयाजीच उठून म्हणेल, आई, मला नाही जायचं. मग सगळंच सोपं होईल.

"सयाजी," त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?"

सयाजी भिंतीला टेकून उभा होता. "मला आत्तापतूर कुनीच इचारलं न्हाई, आई," तो म्हणाला. "तू बी न्हाई."

ते वर्मी लागलं. सगळ्यांना सुनावताना आपण कुठं उभ्या होतो, ते सुभद्राबाईंना आत्ता दिसलं.

"आत्ता इचारते."

"युनूस जाऊन मी हितं ऱ्हायलो, तर मी मैदानात पाय ठेवनार न्हाई. त्यो आन् मी येका चेंडूवर शिकलोय." तो थांबला. पुढचं बोलताना त्यानं आईकडं बघायचं टाळलं. "आन् मला जायचंय."

"खेळाया?"

"खेळाया."

"आन् बापाला भेटाया," सुभद्राबाई म्हणाल्या.

सयाजीनं होकाराची मान हलवली. "मी त्येंना कदी बघितलंच न्हाई की गं. कसं दिसत्यात ते बी ठावं न्हाई मला."

ज्याची धास्ती त्यांनी इतकी वर्षं घेतली होती ते हेच होतं. ते आता समोर उभं राहून, त्यांच्याच पोराच्या तोंडून, त्यांनीच विचारलं म्हणून बाहेर आलं होतं. सासूचं वाक्य खरं झालं.

"आजी काय बोलली व्हती ते मला सांगितलंय लोकांनी," सयाजी म्हणाला. "मोठं झालं की ईल म्हनून. पन मी काय ठेवायला दिलेलं भांडं हाय व्हय, आई? जाईन, बगीन, आन् दिवाळीला हितं ईन."

त्यावर त्यांचा पुरता विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? तरी त्यांनी अडकित्ता तबकात ठेवला आणि भावाकडं वळून म्हणाल्या, "दादा, मोड."

हिंदुरावांनी मोठा श्वास सोडला. तबकाशेजारची ती सुपारी उचलून त्यांनी बहिणीच्या हातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली. पाहुण्यांसमोर, बायकोसमोर त्यांचा हात बराच वेळ तसाच राहिला. "अदलाबदल न्हाई, यशवंतराव," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सयाजी तुमचा. युनूस आमचा."

"म्हंजी मी सुटलो एकदाचा," दत्तोबा म्हणाला, आणि कुणी हसलं नाही तसा उठून टांगेवाल्याला पाणी द्यायला गेला.

कुसुमताईंनी मलिदा बाहेर आणला. पहिला घास त्यांनी सुभद्राबाईंच्या हातावर ठेवला, दुसरा स्वतः घेतला आणि मग पुरुषांना दिला. नजमुन्निसा निघताना सुभद्राबाईंजवळ थांबली. तिनं त्यांच्या दंडाला नुसता हात लावला आणि गेली. पूर्वीसारखं व्हायला दोघींना दिवस लागणार होते, हे दोघींनाही कळत होतं.

सयाजी निघाला त्या सकाळी सुभद्राबाईंनी अंगणात सडा टाकताना पलीकडच्या ओट्याकडं बघितलं. रहिमान मिस्त्री उन्हात बसले होते. युनूस बापाच्या पाठीशी उशी लावून घाईघाईनं इकडं आला, सयाजीची ट्रंक त्यानं खांद्यावर घेतली आणि दोघं टांग्याकडं चालले. वाटेत ते एकमेकांना काही तरी सांगत होते आणि हसत होते. हिंदुराव कंपनीत न जाता मागं थांबले होते. कुसुमताईंनी भाकरी बांधून दिल्या होत्या, वर लसणाची चटणी.

टांग्याजवळ सयाजी पाया पडायला वाकला. सुभद्राबाईंनी त्याला उठवलं, कमरेची चंची सोडली आणि त्यातून ती सुपारी काढली.

"ही तुज्या बापाला दे."

सयाजीनं सुपारी हातात घेतली. "काय सांगू?"

"फोडलेली न्हाई, म्हनावं." आजूबाजूला सगळे होते. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. "आन् सांग, आमची सुपारी फुटली तवा मला कुनी इचारलं नव्हतं, तुमाला बी इचारलं नव्हतं. आता मी इचारते."

"काय इचारतीस?"

"मी गाडीत बसले त्या दिशी तुमी दारात हुबं व्हता. तोंड उघडलं व्हतं. काय बोलनार व्हता, ते आईनं इचारलंय म्हनावं."

सयाजीनं सुपारी सदऱ्याच्या खिशात घातली, वरून हातानं चाचपून बघितली आणि टांग्यात चढला.